लुकलुकणारा ठिपका अचानक सरकला, तर दृष्टीच्या चेतापेशीला नेमके काय कळते?

फोंड्याचा_भौतिकवाला

नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. प्रश्न जीवशास्त्राच्या हद्दीतला असल्यामुळे येथील जाणकारांपुढे ठेवतो आहे.

तरंगांचा पाठ चालू असताना जत्रेच्या वेळी देवळाच्या मंडपावर लावतात त्या धावत्या दिव्यांच्या माळेचा विषय निघाला. माळेतील एकही दिवा जागचा हलत नाही. प्रत्येक दिवा ठरलेल्या क्रमाने लागतो आणि विझतो, तरीही उजेड धावतो आहे असेच आपल्याला दिसते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की एकच दिवा आपल्या जागी सतत लुकलुकत असेल आणि ती लुकलुक न मोडता तो एकदम थोडा बाजूला सरकला, तर डोळ्यातील चेतापेशीला 'एक विझला, दुसरा लागला' असे कळेल, की 'तोच सरकला' असे कळेल?

माझी स्वतःची अडचण याच्याही पुढची आहे. जागच्या जागी उलटसुलट होणारा पट्ट्यांचा नमुना म्हणजे विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन सारख्या तरंगांची बेरीज, हे स्थायी तरंग शिकवताना मी दरवर्षी सांगतो. तो हिशेब येथे लावला तर निव्वळ लुकलुकण्यातही डावीकडची आणि उजवीकडची अशा दोन्ही गती आधीच दडलेल्या असतात. मग गतीची दिशा ओळखणाऱ्या पेशी लुकलुकत्या दिव्याने सतत फसत कशा नाहीत? पाठ्यपुस्तक दंडपेशी आणि शंकुपेशी या डोळ्यातील प्रकाशग्राही पेशींपाशी थांबते. 'मेंदू सांभाळून घेतो' एवढ्याने वर्गातल्या मुलांचे समाधान होणार नाही, आणि माझेही होणार नाही. म्हणून शक्यतो प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे उत्तर मिळावे ही विनंती.

बांबोळीची_शरीरक्रिया

सर, दृष्टिपटलातील बहुतेक पेशींबाबत बोलायचे तर 'सरकला' ही गोष्ट एकट्या पेशीला कळण्यासारखीच नसते. हार्टलाइन यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या दृष्टिचेतेतील एकेक तंतू सुटा करून त्यातले विद्युत आवेग नोंदवले, तेव्हा काही तंतू उजेड लागताना, काही उजेड विझताना, तर काही दोन्ही वेळी थोडा वेळ आवेग पाठवतात असे त्यांना आढळले. प्रत्येक तंतूचा संबंध दृष्टिपटलाच्या एका लहानशा भागाशीच असतो आणि त्या भागाला त्या पेशीचे ग्राहीक्षेत्र म्हणतात. पुढे १९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलावर दाखवले की या क्षेत्राचा मध्य आणि कड एकमेकांच्या विरोधात काम करतात. मध्यावरच्या उजेडाने जी पेशी चेतते ती कडेवरच्या उजेडाने दबते, आणि काही पेशींत याच्या अगदी उलट घडते. त्यामुळे ठिपका मध्यावरून कडेकडे गेला काय किंवा मध्यावरच मंद झाला काय, त्या एका पेशीच्या आवेगांत दोन्हींची नोंद सारखीच उमटू शकते. हा फरक शेजारच्या पेशींचे काय चालले आहे ते ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सगळ्या पेशी सारख्याही नसतात. १९६६ मध्ये क्रिस्टिना एनरॉथ-कुगेल आणि जॉन रॉबसन यांनी मांजराच्या गँग्लियन पेशींचे, म्हणजे दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींचे, एक्स आणि वाय असे दोन प्रकार वेगळे केले. त्यांची परीक्षा मला फार आवडते. पडद्यावरचा सरासरी उजेड तसाच ठेवून त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणायच्या आणि काढून घ्यायच्या. एक्स पेशीसाठी पट्ट्यांची एक अशी जागा सापडते की क्षेत्राचा जेवढा भाग उजळतो तेवढाच दुसरा भाग मावळतो आणि पेशी गप्प राहते. वाय पेशीसाठी अशी जागाच सापडत नाही; पट्ट्या येताना आणि जाताना दोन्ही वेळी ती आवेग सोडते. होखस्टाइन आणि शॅप्ली यांनी १९७६ मध्ये याचे कारण दाखवले: वाय पेशीच्या क्षेत्रात अनेक छोटे उपघटक असतात आणि त्यांची बेरीज साधी सरळ होत नाही. म्हणूनच बारीक पट्ट्या जागच्या जागी उलटसुलट केल्या तर एक आवर्तन पुरे होईपर्यंत ही पेशी दोनदा बोलते. तुमच्या विद्यार्थिनीचा ठिपका अशा पेशीच्या क्षेत्राच्या आतच सरकला तरी काहीतरी बदलले हे पेशीला लगेच जाणवते, पण तो कोणत्या बाजूला सरकला हे ती पेशी सांगू शकत नाही.

आता लुकलुकण्याकडे येते, कारण या प्रश्नातला खरा पेच तोच आहे. दिवा काही सेकंद एकाच जागी लुकलुकत राहिला की पेशी त्याला सरावते. उजेड-अंधाराच्या तफावतीशी होणारे हे अनुकूलन दृष्टिपटलातच घडते, हे सॅलॅमँडर आणि ससा यांच्यावरील १९९७ च्या प्रयोगांत दिसले. सशावरच्या पुढील कामातून असेही कळले की हे सरावणे संपूर्ण ग्राहीक्षेत्राचे मिळून होत नाही. ते क्षेत्राच्या आतल्या लहान लहान तुकड्यांत, म्हणजे गँग्लियन पेशीला संदेश पुरवणाऱ्या द्विध्रुवी पेशींच्या पातळीवर, वेगवेगळे होते. याचा अर्थ असा की ठिपका त्याच पेशीच्या क्षेत्रात थोडासा जरी बाजूला गेला तरी तो न सरावलेल्या तुकड्यावर पडतो आणि त्याची पहिली लुकलुक जुन्या जागच्या शेवटच्या लुकलुकीपेक्षा जोरदार आवेग उठवू शकते.

जुन्या जागेवर काय होते हे त्याहून नवलाचे आहे. सॅलॅमँडर आणि उंदीर यांच्या दृष्टिपटलावर ठरावीक अंतराने उजेडाचे स्फुरण दाखवत राहिले आणि ते अचानक थांबवले, तर पुढचे स्फुरण जेव्हा यायला हवे होते त्याला धरून काही गँग्लियन पेशी आवेग सोडतात, असे २००७ मध्ये मायकेल बेरी यांच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केले. स्फुरणांमधले अंतर बदलले की हा 'चुकलेल्या ठोक्याचा' प्रतिसादही तेवढाच पुढे-मागे सरकतो. साधारण ६ ते २० हर्ट्झच्या लुकलुकीत हे दिसते आणि त्यासाठी मेंदूची गरज लागत नाही, कारण प्रयोग शरीरापासून वेगळ्या केलेल्या दृष्टिपटलावर होतो.

हे सगळे जोडून पाहिले तर अचानक सरकण्याची बातमी दृष्टिपटलातून दोन ठिकाणांहून निघते असे म्हणता येते. जुन्या जागेवरच्या पेशी 'येणारे आले नाही' असे कळवतात आणि नव्या जागेवरच्या पेशी 'काहीतरी नवे आले' असे कळवतात. या दोन बातम्यांतून एकच हललेली वस्तू उभी करणे हे पुढचे काम आहे. दिशेबद्दल कोणी अधिक सांगितले तर बरे होईल, कारण तो भाग गणिताच्या अंगाने मांडलेला सरांना जास्त पटेल.

पर्वरीचा_सर्किटवाला

ताईंनी पेशींचे काम नीट मांडले आहे, म्हणून मी थेट दिशेकडे वळतो. व्यवसायाने मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे आणि या विषयाकडे मला ओढले ते एका भुंगेऱ्याने.

१९५६ मध्ये बर्नहार्ड हासेनष्टाइन आणि व्हेर्नर रायखार्ट यांनी क्लोरोफॅनस या भुंगेऱ्याला पाठीकडून चिकटवून हवेत स्थिर धरले आणि त्याच्या पायांत गवताच्या काड्यांचा एक हलका पोकळ गोल दिला. भुंगेरा चालतो आहे अशा समजुतीने तो गोल पायांखाली फिरवत राही, आणि गोलावरच्या काड्या अशा जोडल्या होत्या की त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा दुफाटा येई. प्रत्येक दुफाट्यावर तो डावीकडे वळतो की उजवीकडे, एवढेच मोजायचे. भोवतालचे पट्टे क्रमाने उजळ किंवा काळे होत गेले की तो त्या दिशेने वळे. त्यावरून दोघांनी जी रचना मांडली ती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला एका दृष्टिक्षेपात समजेल: शेजारच्या दोन बिंदूंवरून येणारे दोन संकेत घ्यायचे, त्यातला एक थोडा उशिराने पुढे सोडायचा, दोघांचा गुणाकार करायचा, याचीच आरशातली प्रतिमा असलेले दुसरे मंडल (सर्किट) बाजूला ठेवायचे आणि शेवटी एकातून दुसरे वजा करायचे.

सरांच्या स्थायी तरंगाचे उत्तर या शेवटच्या वजाबाकीत आहे. जागच्या जागी लुकलुकणारा दिवा दोन्ही मंडलांना सारखेच चेतवतो आणि वजाबाकी शून्य येते. सरांचे गणित बरोबरच आहे, दोन्ही गती तेथे खरोखरच असतात. पेशी त्या एकमेकींत वळत्या करून टाकतात. हे केवळ कागदावरचे नाही. १९९४ मध्ये निंग चियान आणि रिचर्ड अँडरसन यांनी माकडाच्या मेंदूत हे तपासले. विरुद्ध दिशांनी जाणारे ठिपके अगदी जवळ जवळ जोडीने दाखवले की बघणाऱ्याला गती दिसतच नाही, नुसती लुकलुक दिसते. असे दृश्य समोर असताना प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील म्हणजे व्ही-१ मधील पेशी बऱ्यापैकी चेतलेल्या राहतात, परंतु गतीसाठी विशेष असलेल्या एमटी या क्षेत्रातील पेशींचा प्रतिसाद दबतो. म्हणजे वजाबाकीचा मोठा भाग त्या पुढच्या टप्प्यावर होतो असे दिसते.

सशात मात्र दिशेचा निवाडा दृष्टिपटलातच सुरू होतो. बार्लो आणि लेविक यांनी १९६५ मध्ये एकाच पेशीच्या क्षेत्रात दोन बारीक फटी एकामागून एक उजळून पाहिल्या. क्रम पेशीच्या आवडत्या दिशेचा असेल तर ती जोमाने आवेग सोडते. क्रम उलटा केला तर पहिल्या फटीमुळे आलेले निरोधन दुसऱ्या फटीच्या चेतनेला गाठून ते दाबून टाकते. लक्षात घ्या, येथे काहीही हलत नव्हते. जत्रेच्या माळेवरचा उजेड का धावतो याचे पेशीच्या पातळीवरचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेले नाही.

या रचनेला मर्यादा असणार हे ओघानेच आले, कारण उशीर ठरावीक आहे आणि दोन बिंदूंमधले अंतरही ठरावीक आहे. मिकामी, न्यूसम आणि वुर्ट्झ यांनी १९८६ मध्ये माकडांना क्षणभर उजळणारे ठिपके उड्या मारत सरकवून दाखवले आणि उडी किती मोठी होईपर्यंत पेशीची दिशेची जाण टिकते ते मोजले. एमटीमधील पेशी व्ही-१ मधील पेशींच्या सुमारे तिप्पट लांबीची उडी सांभाळू शकल्या. दोन स्फुरणांमधला वेळ मात्र दोन्ही ठिकाणी साधारण सारखाच चालला. माणसाच्या बाबतीत ऑलिव्हर ब्रॅडिक यांनी १९७४ मध्ये ठिपक्यांच्या विस्कळीत नमुन्यांवर ही मर्यादा सुमारे १५ कला, म्हणजे पाव अंश, इतकी दाखवली. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, तेव्हा त्याच्या निम्म्या रुंदीहून मोठी उडी घेतली की त्या नमुन्यातली गती हरवते.

बांबोळीची_शरीरक्रिया

पाव अंशाच्या आकड्याला एक पुरवणी जोडते. तो आकडा दाट ठिपक्यांच्या नमुन्यासाठी आहे, कारण तेथे कोणता ठिपका कोठे गेला हे ओळखायला दुसरा काही आधार नसतो. काळोखात एकटाच दिवा असेल तर त्याहून कितीतरी मोठ्या उडीतही गती दिसते. जत्रेच्या माळेतले दोन दिवे मंडपाजवळून पाहिले तर पाव अंशाहून खूपच लांब असतात. अशा लांब उडीत छोट्या अंतराचे गतिशोधक उपयोगी पडत नाहीत आणि 'तोच दिवा' अशी ओळख पटवणाऱ्या वरच्या पातळीवरच्या प्रक्रियांचा वाटा वाढतो. वर्गात सांगताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला वाटते.

सत्तरीचा_रानवाट्या

चर्चा वाचून एक शंका आली. आमच्याकडे म्हादईच्या रानात पावसाच्या तोंडावर काजवे दिसतात. काजवा चमकतो, विझतो आणि पुन्हा चमकतो तेव्हा दुसरीकडेच असतो. तुमच्या लुकलुकत्या आणि सरकणाऱ्या ठिपक्याचा हा निसर्गातला नमुना म्हणता येईल का?

पर्वरीचा_सर्किटवाला

अर्धाच म्हणता येईल. अमेरिकेतील फोटिनस पायरॅलिस या काजव्याचा नर साधारण अर्धा सेकंद चमकतो आणि त्या चमकेतच वर उसळतो, त्यामुळे अंधारात इंग्रजी 'जे' अक्षरासारखी रेघ उमटते. पुढची चमक बऱ्याच सेकंदांनी येते. त्या अर्ध्या सेकंदातली हालचाल गतिशोधकांच्या पूर्ण टप्प्यात आहे. दोन चमकांमधली जी उडी असते तिच्यासाठी मात्र त्यांच्या उशिराची मर्यादा केव्हाच उलटून गेलेली असते, कारण तो उशीर सेकंदाच्या एका लहान अंशाचा असतो. तिथे आपण गती पाहत नाही. 'मघाशी तेथे होता, आता येथे आहे' असा स्मरणाने काढलेला निष्कर्ष असतो. तुमच्या रानातल्या काजव्यांच्या चमकेचा काळ मोजून पाहिलात तर तुलना करायला आवडेल.

फोंड्याचा_भौतिकवाला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वजाबाकीचा मुद्दा उद्याच फळ्यावर मांडतो. एक उपप्रश्न राहिला. दिवा जागीच लुकलुकत असेल आणि आपला डोळाच झटकन वळला, तर दृष्टिपटलावर ठिपका सरकतोच. पणजीच्या अटल सेतूवरून रात्री जाताना नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवली की पुढच्या गाड्यांचे लाल दिवे ठिपक्यांच्या रांगेसारखे पसरलेले दिसतात, असे काही मुलांचे म्हणणे आहे. जुन्या तारेच्या दिव्यांचे असे होत नसे. हे याच विषयातले आहे का?

पर्वरीचा_सर्किटवाला

अगदी याच विषयातले आहे. एलईडीचा उजेड कमी-जास्त करायला तो सेकंदातून शेकडो वेळा पूर्ण बंद-चालू करतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तारेचा दिवाही सेकंदातून १०० वेळा किंचित कमी-जास्त होतो, परंतु तार तापलेलीच राहत असल्याने पूर्ण अंधार कधी पडत नाही. नजर झेपावते तेव्हा डोळ्याचा वेग सेकंदाला काहीशे अंशांपर्यंत जातो. तो ५०० धरला आणि दिवा २०० हर्ट्झने लुकलुकत असला तर लागोपाठच्या दोन स्फुरणांच्या प्रतिमा अडीच अंश अंतरावर पडतात. नजर स्थिर असताना २०० हर्ट्झची लुकलुक कोणालाच जाणवत नाही, कारण एकाच जागच्या पेशींना ती वेगळी करता येत नाही. झेपेच्या वेळी मात्र प्रत्येक स्फुरण नव्या, न सरावलेल्या पेशींवर पडते आणि काळातला फरक जागेतला फरक होऊन समोर येतो. झेपेच्या वेळी १,००० हर्ट्झच्या पलीकडची लुकलुकही माणसांना ओळखता आल्याचे रॉबर्ट्स आणि विल्किन्स यांनी २०१३ मध्ये दाखवले आहे. दिवे बनवणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः वाहनांच्या दिव्यांबाबत.

बांबोळीची_शरीरक्रिया

पेशींच्या बाजूने एवढे सांगते, की डोळा हलला की वस्तू हलली हे व्ही-१ मधील पेशींना बहुतेक कळत नाही. रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९६९ मध्ये माकडांत पाहिले तेव्हा डोळ्याची झेप आणि तितक्याच वेगाने फिरवलेली वस्तू यांना या पेशींनी सारखाच प्रतिसाद दिला. मध्यमेंदूच्या वरच्या उंचवट्यातील काही पेशी मात्र खरी हालचाल आणि स्वतःच्या डोळ्यामुळे झालेली हालचाल यांत फरक करतात, हे रॉबिन्सन आणि वुर्ट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवले; डोळा हलवण्याच्या आज्ञेची खबर त्यांना आतूनच मिळते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सर, वर्गात प्रयोग करणार असाल तर दोन एलईडी एकमेकांपासून ९ मिलिमीटरवर लावा आणि मुलांना २ मीटरवर बसवा. ते अंतर जवळपास पाव अंश भरते. आधी एक दिवा सेकंदातून दोनदा लुकलुकत ठेवून मग दुसऱ्यावर उडी द्या आणि त्यानंतर अंतर वाढवत न्या. वारंवारता सेकंदाला तीनच्या आतच ठेवा, म्हणजे चुकलेल्या ठोक्याचा परिणाम तपासता येणार नाही, पण ते चालेल. १५ ते २५ हर्ट्झच्या लुकलुकीने प्रकाशसंवेदी अपस्माराचा झटका येण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि अशी प्रवृत्ती असलेल्या मुलाला ती आधी ठाऊक असतेच असे नाही. खोली पूर्ण अंधारी करू नका आणि पालकांकडून लेखी विचारणा आधी करून घ्या.

फोंड्याचा_भौतिकवाला

पालकांसाठीचे पत्र आजच तयार करतो. नियंत्रणासाठी शाळेत आर्डुइनो हा कार्यक्रम लिहून चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक आहे. पर्वरीकर, एका दिव्यावरून दुसऱ्यावर जाताना लुकलुकीची लय मोडू नये यासाठी दोन्ही दिवे एकाच टायमरवर ठेवावेत ना?

पर्वरीचा_सर्किटवाला

होय, टायमर एकच ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला कोणता दिवा लावायचा एवढेच कार्यक्रमात बदला. दोन्ही एलईडी एकाच गठ्ठ्यातले घ्या आणि दोघांना सारखाच रोधक जोडा. एक जरी किंचित उजळ असला तरी मुले जागेतला बदल सोडून उजेडातला बदलच सांगतील.